कुठेही मावणारी आत्या

सहलीला निघायच्या सकाळी आत्याला सोडायला सगळं घर जिन्याखाली उतरलं. असं आजवर कधी झालं नव्हतं. भावानं बॅग उचलली, भावजयीनं पाण्याची बाटली भरून हातात दिली, भाच्यानं तिच्या फोनची बॅटरी भरली आहे ना ते पुन्हा पुन्हा पाहिलं. एवढी माया एकदम अंगावर आली तशी आत्या बावरली. पायरीवर उभी राहून ती उगाचच कोटाचं वरचं बटण लावत आणि काढत राहिली. आणि बावरता बावरता तिला हेही कळत होतं, की ही माया तिच्यासाठी कमी आणि तिच्या खोलीसाठी जास्त आहे.

आत्याची खोली घराच्या मागच्या अंगाला. एक खिडकी, एक पलंग, एक लोखंडी कपाट आणि कोपऱ्यात झाकून ठेवलेलं शिलाई मशीन. आईच्या शेवटच्या आजारात आत्या त्या खोलीत आईपाशी राहायला आली. आई गेली आणि आत्या राहिली. लग्न तिनं केलं नाही, म्हणजे कुणी जमवलं नाही. तयार शर्टांच्या कारखान्यात ती काज-बटणाचं काम करायची. कापणारे कापत, शिवणारे शिवत, आणि सगळ्यांच्या शेवटी शर्ट तिच्याकडे येई. बटण लागलं की निघून जाई. कुठल्या अंगावर बसला, कुणाच्या खुंटीला लोंबला, तिला कधीच कळत नसे. हात चालता राहावा म्हणून तिनं तिथे बसून स्वतःशीच दोन ओळी जुळवल्या होत्या:

सुई माझी पुढे, दोरा मागे मागे,
शर्ट गेला दूर देशी, मला कोण सांगे.

काम सुटलं तरी ओळी ओठांवर राहिल्या. भांडी पुसताना, गॅलरीत कपडे वाळत घालताना त्या आपोआप येत. घरात कुणाला त्या ऐकू आल्या असतील असं नाही.

खोलीचा विषय भावानं एका सकाळी काढला होता, हातातल्या वर्तमानपत्राचं पान न उलटता. भाच्याला आता घरूनच काम करायचं होतं. दिवसभर फोनवर माणसांशी बोलायचं, तेव्हा दार लावून बसायला जागा हवी. भाऊ म्हणाला की आक्का, तू दिवसभर असतेस स्वयंपाकघरात नाहीतर गॅलरीत, खोलीत काय ते निजायला जातेस. पुढच्या खोलीतला दिवाण रुंद आहे, वाराही छान येतो. भावजय आतून म्हणाली होती, "वन्संचं काय हो, वन्सं कुठेही मावतात."

हे कौतुक होतं. आत्यानं ते आयुष्यभर कौतुक म्हणूनच घेतलं होतं. गाडीत मागच्या सीटवर मधल्या उंचवट्यावर कोण बसेल, तर आत्या. फोटोत कडेला अर्धी कोण चालेल, तर आत्या. जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, जिथे खुर्चीचा पाय टेबलाच्या पायाला अडतो, तिथे कोण, तर आत्या. पण त्या सकाळी तिच्या तोंडून लगेच हो निघालं नाही. तिचं तिलाच नवल वाटलं. ती म्हणाली, बघते, सांगते. मग काही दिवसांनी भावानंच ही सहल ठरवली. उत्तरेकडचे किल्ले, राजांच्या कबरी, बागा, आणि शेवटी बर्फ. जरा जग बघून ये, म्हणाला. आणि आलीस की सांग.

म्हणून ती निघाली होती. अंगात कोट, बॅगेत सुईदोऱ्याची डबी, आणि मनात ते एक न दिलेलं उत्तर.

बसमध्ये सगळे जोडीजोडीनं होते. नवरा-बायको, बहिणी-बहिणी, व्याही-व्याही. सहल चालवणाऱ्या माणसाला सगळे कप्तान म्हणत. तो डोकी मोजत नसे. त्याचं कारण त्यानं पहिल्याच दिवशी माइकवरून सांगितलं. पूर्वी तो मोजायचा. एकदा डोकी अगदी बरोबर भरली, बस सुटली, आणि पुढच्या गावात कळलं की आपला एक माणूस मागे राहिलाय आणि दुसऱ्याच कुठल्या सहलीतले एक गृहस्थ आपल्या बसमध्ये गाढ झोपलेत. ते गृहस्थ उठल्यावर म्हणे नाश्त्याची तक्रार करत होते. तेव्हापासून त्यानं मोजणं सोडलं. ज्यानं त्यानं आपली जोडी बघायची. शेजारचं माणूस आलंय ना, बस्स. निघताना तो दारात उभा राहून विचारी, "जोड्या?" आणि सगळी बस एका सुरात म्हणे, "आहेत."

आत्याची जोडी कप्ताननं सिस्टरशी लावली होती. सिस्टर म्हणजे निवृत्त झालेली नर्स, अंगानं भरभक्कम, आवाज असा की झोपलेला वॉर्ड जागा व्हावा. खोलीही दोघींना एकच. सिस्टर सकाळी पांघरूण ओढून म्हणे, चला ताई, उठा, आंघोळ उरका, गरम पाणी जाईल. नाश्त्याला आधी पोचली तर शेजारच्या खुर्चीवर हात ठेवून बसे आणि कुणी आलं की सांगे, इथे आमच्या ताई आहेत. आत्यासाठी कुणी खुर्ची धरून ठेवावी हे तिच्या आठवणीत पहिल्यांदाच घडत होतं. तो 'आमच्या' शब्द ती दिवसभर खडीसाखरेसारखा तोंडात घोळवत राही. सिस्टरच्या कोटाची बटणं सैल झाली होती. एका मुक्कामावर आत्यानं ती सगळी उसवून पुन्हा लावली, एकेक अशी घट्ट की कोट फाटेल पण बटण निघणार नाही. सिस्टरनं तो कोट साऱ्या बसला दाखवला.

किल्ले झाले, एक मोठा राजवाडा झाला. आत्याला त्यातलं फार काही आठवत नसे. आठवे ते एवढंच की चढताना सिस्टरनं हात दिला आणि उतरताना आपण तिला दिला. घरी फोन करायची तिला आठवण होत नव्हती, आणि घरालाही तिची होत नव्हती. अशी फिटंफाट होती.

मग मागच्या लांब सीटवर पत्त्यांचा डाव सुरू झाला. बँकेत नोकरी केलेल्या दोन बहिणी होत्या, त्यांना तिसरा हात हवा होता. सिस्टरला पत्ते म्हणजे जीव की प्राण. जेवण झालं की ती मागे जाऊ लागली. आत्याला विचारून गेली, नाही असं नाही. तुम्हाला पत्ते येत नाहीत ना ताई, मग तुम्ही ऐसपैस बसा, म्हणाली. आत्या म्हणाली, जा हो, खुशाल जा. रिकाम्या जागेवर आधी सिस्टरचा कोट राहिला, मग पुढच्या जोडप्यानं तिथे आपली पिशवी ठेवली, मग कुणी टोप्या, कुणी छत्र्या. त्या ढिगाशेजारी आत्या खिडकीला टेकून बसे. मागून डाव रंगल्याचं हसू येई. कप्तान विचारी, "जोड्या?" मागचं त्रिकूट सगळ्यांच्या आधी ओरडे, "आहेत." आत्याही म्हणे, आहेत. तिच्या शेजारी टोप्या होत्या.

राजाच्या कबरीची बाग दुपारी आली. चारी दिशांना चार दरवाजे, मधे उंच चौथऱ्यावर पांढरी कबर, आणि चारी बाजूंनी पाण्याचे सरळ पाट. ऊन मऊ होतं, पण वारा गार. सिस्टर बँकवाल्या बहिणींबरोबर पुढे चालली होती. पूर्वेच्या दरवाजापाशी ती वळली, अंगावरची शाल काढून आत्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "ताई, एवढी धरा. त्या मनोऱ्यावर वर जायला देतात म्हणे. तुमचे गुडघे नकोत तिथे. इथेच थांबा हं, हलू नका."

आत्या दरवाजाच्या कमानीतल्या दगडी कट्ट्यावर बसली. शाल मांडीवर घेतली. हलू नका म्हटल्यावर ती हलली नाही.

पाटाच्या कडेनं माणसं येत होती, जात होती. एका तरुण जोडप्यानं तिच्या हाती फोन देऊन फोटो काढायला सांगितला. तिनं दोघांना नीट मधोमध घेतलं आणि मुलाच्या सदऱ्याचं बटण चुकीच्या काजात गेलंय ते सांगितलं. दोघं हसली, बटण सारखं केलं, पुन्हा फोटो काढला आणि गेली. मनोऱ्यावर माणसं मुंगीएवढी दिसत. त्यात सिस्टरचा लाल स्वेटर दिसला. मग तो उतरायला लागला. मग दिसला नाही. आत्यानं शालीची घडी मोडून पुन्हा घातली. आता येतील.

ऊन कमानीतून आत आलं, तिच्या पायांवर बसलं, मग गुडघ्यांवर, आणि मग भिंतीवर चढून गेलं. तिकिटाच्या खिडकीतल्या माणसानं खिडकी लावून घेतली. झाडणारा बाग झाडत तिच्यापर्यंत आला, तिच्या पायांभोवती झाडून पुढे गेला. तेव्हा आत्याच्या लक्षात आलं की आपल्या बसमधलं एकही माणूस बराच वेळ दिसलेलं नाही. बस पश्चिमेच्या दरवाजाला उभी होती. मनोऱ्यावरून उतरणारी वाट तिकडेच निघते. त्या तिकडूनच गेल्या असतील.

तिला उठून पळता आलं असतं. ती उठली नाही. फोन बसमध्ये, पिशवीत. पण त्याचंही तिला फार काही वाटलं नाही. आधी तिला वाटलं ती एक चोरटी गंमत. आता बसमध्ये सिस्टर आपल्या जागेकडे येईल. ढीग बाजूला करील. अगंबाई, ताई कुठायत, म्हणेल, आणि तिच्या त्या आवाजानं बस जागच्या जागी थांबेल. कप्तानचा चेहरा पडेल. सगळे एकमेकांना विचारतील. माणसं आपल्यासाठी घाबरलीत हे चित्र आत्यानं पहिल्यांदाच मनात आणलं, आणि ते इतकं ऊबदार होतं की तिनं शाल अंगावर घेतली नाही, नुसती धरून ठेवली. आल्यावर काय बोलायचं तेही तिनं ठरवलं. थोडं रागवायचं. फार नाही. म्हणायचं, हलू नका म्हणालात ना, मग हलले नाही.

आणि तिथेच, त्या कट्ट्यावर, तिनं घरच्या प्रश्नाचं उत्तरही ठरवून टाकलं. माणसं अशी परत न्यायला येत असतील तर खोलीचं काय एवढं. देऊन टाकू. दिवाणावर निजू. जिथे आपली आठवण होते तिथे माणूस कुठेही निजू शकतो.

वेळ गेला. पाटातलं पाणी आधी निळं होतं, मग राखी झालं. ऊबदार चित्र हळूहळू विझत गेलं. बस किती लांब गेली असेल. सिस्टर अजून डाव खेळत असेल का. एखादा डाव किती वेळ चालतो. आत्यानं मग बसमधल्या माणसांना आपल्या नावानं हाका मारायला लावून पाहिलं, मनातल्या मनात, आणि ध्यानात आलं की त्यांना तिचं नावच ठाऊक नाही. तिथे ती ताई होती, मावशी होती. घरी आक्का, वन्सं, आत्या. तिच्या नावानं तिला हाक मारणारी आई तेवढी होती.

आणि मग पूर्वेच्या रस्त्याला बस दिसली.

तिची बस. समोर उत्तरेच्या सहलीचा फलक, काचेवर तोच फुटका कोपरा. ती बागेला वळसा घालून याच दरवाजाला आली. आत्या कट्ट्यावरून उठली तेव्हा तिचे गुडघे खरोखरच धरले होते. डोळे असे भरून आले की बस वितळल्यासारखी दिसू लागली. मागचं दार उघडलं आणि सिस्टर उतरली. लाल स्वेटर, कोटाची बटणं उघडी, धापा टाकत धावत येणारी सिस्टर. आत्यानं ठरवलेलं रागावणं विसरून दोन्ही हात पुढे केले.

सिस्टरनं त्या हातांतली शाल घेतली. छातीशी धरली.

"सापडली का? देवा रे. मुलीनं दिलेली आहे हो, जीव गेला असता माझा. कट्ट्यावरच ठेवली होती ना मी, मला वाटलंच." मग श्वास घेऊन ती आत्याकडे बघून हसली. "आणि तुम्ही पुढच्या दारानं उतरून माझ्या आधी पोचलात पण? गुडघे दुखतात म्हणे. पायांना चाकं लावलीत का ताई?"

बस शालीसाठी परत आली होती. कट्ट्यावर शाल ठेवली होती एवढं सिस्टरला आठवत होतं. तिला जो कट्टा म्हणून आठवत होता, ती आत्या होती.

बसच्या खिडक्यांतून माणसं बघत होती. उशीर झाला म्हणून कुरकुरत होती, पण हसत होती. आत्या म्हणाली, "सापडली."

कप्ताननं दारात हात देऊन तिला वर घेतलं आणि माइकवरून म्हणाला की मावशींना पुढच्या वर्षी धावण्याच्या शर्यतीत उतरवू. टाळ्या पडल्या. आत्या टोप्या-छत्र्यांच्या ढिगामागे आपल्या जागी जाऊन बसली. तिची जागा गार पडली होती.

"जोड्या?" कप्ताननं विचारलं.

"आहेत," बस म्हणाली.

संध्याकाळी मुक्कामाच्या गावातून पहिल्यांदा डोंगर दिसले, काळ्या रेघेसारखे. खोलीत सिस्टर मुलीला फोनवर शालीची कथा सांगत होती. कथा छान रंगली होती. आमच्या ताई काय धावल्या म्हणून सांगू, मी आपली मागच्या दारानं उतरतेय तोवर ह्या तिथे पोचून शाल घेऊन उभ्या. आत्या पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होती. आपण ज्या धावण्यात नव्हतोच, त्याचं कौतुक ऐकणं तिला कसंतरीच वाटू लागलं. जणू तिचा कोट घालून दुसरंच कुणी गावभर मिरवत होतं. सिस्टरनं फोन ठेवला, तेव्हा आत्या म्हणाली, "सिस्टर, मी बसमध्ये नव्हते."

सिस्टर हसली. काहीतरीच काय, म्हणाली.

"तुम्ही शाल माझ्या हातात दिली होती. म्हणालात, हलू नका. मी हलले नाही. बस गेली आणि मी तिथेच होते."

सिस्टरच्या चेहऱ्यावरचं हसू आधी तसंच राहिलं, मग त्याला काय करावं कळेना. तिनं बोटांनी हवेत काहीतरी जुळवून पाहिलं. मनोरा, पश्चिमेचा दरवाजा, मागची सीट, पत्ते. जुळलं तशी ती समोरच्या पलंगावर मटकन बसली. जन्मभर आजाऱ्यांच्या उशाशी उभी राहिलेली बाई, कोण कधी कूस वळतं ते अंधारात ओळखणारी. मग ती म्हणाली, "मग तिथेच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इतक्या आनंदात होता," आत्या म्हणाली. "शाल मिळाल्याच्या. मी कुठेही मावते हो. पण त्या आनंदात मावले नाही."

सिस्टर रडली. तिचं रडणंही तिच्यासारखंच भरभक्कम होतं. आत्यानंच उठून तिला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवसापासून सिस्टर पत्ते खेळायला गेली नाही. टोप्या-छत्र्या ज्याच्या त्याला परत दिल्या आणि आत्याच्या दंडाला धरून बसली. कप्तानच्या कानावर घातलं, कप्ताननं साऱ्या बसची माफी मागितली, आणि साऱ्या बसनं वळून आत्याकडे पाहिलं. मग ती शालवाल्या मावशी झाली. प्रत्येक थांब्यावर कुणी ना कुणी मोठ्यानं विचारी, मावशी आल्या का हो, बघा, नाहीतर शाल विसरावी लागेल. हशा पिकायचा. आत्याही हसे. त्यांचं वाईट मनात नव्हतं. पण सिस्टर आता तिचा हात औषधाच्या वेळा पाळल्यासारखा धरी. जेवणाआधी, जेवणानंतर, चढताना, उतरताना. नाश्त्याला खुर्ची अजूनही धरलेली असे, आणि ताई हा शब्दही होता. 'आमच्या' मात्र आता ती म्हणत नसे. आत्याला ते मागून घेता आलं नसतं.

बर्फावर पोचले त्या दिवशी सगळी वयं गळून पडली होती. व्याही व्याह्यांना गोळे मारत होते. बँकवाल्या बहिणी बर्फात बसकण मारून ओरडत होत्या. आत्याला सगळ्या फोटोंत मधे उभं केलं जात होतं. तिच्या कोटाच्या खिशात फोन वाजला. भावाचा होता. तो सहसा करत नसे.

कशी आहेस वगैरे त्यानं विचारलं नाही. म्हणाला, "आक्का, तुझ्या कपाटाची किल्ली कुठे ठेवलीयस?"

"कशाला?"

मग म्हणाला, रंगारी आलाय. कपाट हलवायचंय, आत सामान असलं की हलत नाही. त्याच्या मागे घरात बादल्या ओढल्याचे, शिडी टेकवल्याचे आवाज येत होते. आत्याला ती शिडी कुठल्या भिंतीला टेकली ते आवाजावरून कळलं. खिडकीच्या उजवीकडे.

"मी अजून हो म्हटलं नव्हतं रे," ती म्हणाली.

"अगं, पण तू नाही कधी म्हणालीयस?" तो हे रागानं म्हणाला नाही. खरंच आठवून पाहत होता.

आत्या फोटोच्या घोळक्यातून बाजूला झाली. पाय बर्फात पोटऱ्यांपर्यंत गेले. "आता म्हणते," ती म्हणाली. "खोली मी देत नाही."

फोनवर कुजबुज झाली, मग भावजयीचा आवाज आला. आवाज गोड होता, पण वरच्या पट्टीत. अहो वन्सं, पोराच्या नोकरीचा प्रश्न आहे, टेबलही सांगून ठेवलंय. तुमचं काय, तुम्ही तर कुठेही मावता.

"मावते गं," आत्या म्हणाली. "इतकी मावते की दिसेनाशी होते. आता जरा जागा अडवून बघते."

मग फोन बंद झाला. बंद केला की तुटला, ते कळलं नाही. सिस्टर लांबून हाका मारत होती, ताई, इकडे या, पाय गारठतील. आत्या थोडा वेळ तशीच उभी राहिली. नाही म्हटल्यावर अंगात बळ येईल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. फक्त पाय गारठले.

परतल्यावर बसथांब्यावर सिस्टरनं तिला घट्ट मिठी मारली, फोन नंबर लिहून दिला, मुलीकडे राहायला जातेय, नक्की फोन करा म्हणाली. आत्या हो म्हणाली. मग एकटीच बॅग ओढत घरी आली. जिन्याखाली कुणी नव्हतं. भाच्यानं दार उघडलं, बॅग घेतली, आणि बाजूला झाला.

तिचं कपाट बोळात उभं होतं, कुलूपबंद, पोट भिंतीकडे करून. शिलाई मशीन गॅलरीत. गादी पुढच्या खोलीतल्या दिवाणावर घातलेली, तिच्यावर तिची चादर, उशीसकट, नीट. चादर अशी नीट घातलेली पाहून तिला भडभडून आलं. नेमक्या ह्याच गोष्टीशी कसं भांडायचं ते तिला येत नव्हतं. भाऊ वर्तमानपत्रामागे होता. स्वयंपाकघरात भांडी नेहमीपेक्षा मोठ्यानं ठेवली जात होती. चहा घेणार का, कुणी विचारलं नाही.

आत्यानं हातपाय धुतले. मग दिवाणाशी गेली आणि गादीचं एक टोक धरून ओढू लागली. गादी कापसाची, जुनी, माणसासारखी जड. दारापर्यंत आली आणि चौकटीत अडली.

भाचा कानातली यंत्रं काढून उठला. लहानपणी ह्याच्या शर्टाची बटणं तीच लावायची, चावून चावून तोडायचा तो. त्यानं दुसरं टोक धरलं, पण उचललं नाही. "आत्या, नक्की का?" त्यानं विचारलं. आवाजात तक्रार नव्हती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. पुढच्या खोलीत, बापाच्या खोकल्यात आणि भांड्यांच्या आवाजात, तो दिवसभर कुणाकुणाला साहेब, साहेब करत बसत असणार.

राहू दे, घे तुला, हे शब्द आत्याच्या अगदी दातांपर्यंत आले. एवढ्या सोप्या शब्दांनी सगळं घर पुन्हा तिच्याशी बोलू लागलं असतं. चहा आला असता.

"नक्की," ती म्हणाली.

त्यानं गादी उचलली. खोलीत रंगाचा वास कोंदला होता. भिंती कुणीतरी दुसऱ्यानं निवडलेल्या फिक्या हिरव्या रंगाच्या, अजून ओलसर. रंग चांगला होता, तिला मानावंच लागलं. पलंग तेवढा आतच राहिला होता, पण भिंतीला लावता येईना, रंग लागला असता. म्हणून तो खोलीच्या अगदी मधोमध ठेवला. भाच्यानं गादी घातली, खिडकी सताड उघडली, आणि जाताना दार हलकेच लोटलं. त्याला असं हलकेच दार लोटता येतं हे तिला ठाऊक नव्हतं.

ती पलंगावर बसली, मग आडवी झाली. जन्मभर भिंतीकडे तोंड करून निजलेली बाई. आता चारी बाजूंना नुसती जागा होती. कुठल्याही कुशीवर वळलं तरी हात कशाला लागत नव्हता. बाहेर संध्याकाळ होत होती. घरानं जेवणाची पानं घेतली, खुर्च्या सरकल्याचं ऐकू आलं, तिला कुणी हाक मारली नाही.

मग पुढच्या खोलीतून भाच्याचा आवाज येऊ लागला. कामाचा फोन होता. तो नेहमीसारखा मोठ्यानं बोलत नव्हता, तोंडावर हात धरून बोलावं तसं दबून बोलत होता, आणि पलीकडच्याला ऐकू जात नसावं, कारण तेच वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. आत्याला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. तिला वाईट वाटत होतं, खूपच वाईट वाटत होतं.

तरी ती उठली नाही.